फिजिओथेरपीचे स्वतःचे क्लिनिक: शिकत असतानाच करून ठेवायची तयारी

बीपीटीच्या (फिजिओथेरपीच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षात बहुतेकांच्या वहीत मशीनची यादी तयार असते: आयएफटी (सौम्य विजेच्या प्रवाहाने वेदना कमी करणारे), अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींनी उपचार करणारे), ट्रॅक्शन (मणक्याला ताण देणारे), जमलेच तर लेझर. क्लिनिकच्या तयारीत ही यादी सगळ्यात शेवटी यायला हवी. पैसे जमले की मशीन घरपोच येते. पण शिक्षकांच्या नजरेखाली तपासायला मिळणारे पेशंट, पोस्टिंगमुळे (रुग्णालयाच्या विभागांत पाळीपाळीने केलेल्या कामामुळे) सहज होणाऱ्या डॉक्टरांच्या ओळखी आणि एखाद्या भागात निवांत हिंडून बघण्याइतका वेळ या गोष्टी पदवीनंतर पैसे मोजूनही मिळत नाहीत. म्हणून विद्यार्थीदशेत नेमके हेच वापरून घ्यायचे. हा लेख महाराष्ट्रात शिकणाऱ्या आणि पुढेमागे स्वतःचे क्लिनिक काढायचे ठरवलेल्या मुलामुलींसाठी आहे.

आधी मर्यादा

राज्य परिषदेची नोंदणी हातात येईपर्यंत स्वतंत्रपणे उपचार करायचे नाहीत. शेजारच्या आजींच्या गुडघ्यावर फुकट मशीन लावणेही यातच आले. पैसे घेतले नाहीत म्हणून जबाबदारी टळत नाही, आणि चटका बसला तर तुमच्या बाजूने उभे राहायला ना कॉलेज असते ना विमा. कॉलेजची शिबिरे, शिक्षकांच्या देखरेखीखालची ओपीडी, एखाद्या अनुभवी फिजिओथेरपिस्टच्या क्लिनिकमध्ये परवानगीने बसून निरीक्षण करणे, एवढे खुशाल करा. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर असे बसायला मिळाले तर सोडू नका. तिथे उपचारांपेक्षा रिसेप्शनच्या टेबलावर जास्त लक्ष ठेवा: फोन कोण उचलतो, उशिरा आलेल्याला कसे बसवतात, उधारी कशी मागतात, दुपारी दोन ते पाच खोली रिकामी असताना भाडे कसे निघते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा चालत आलेला बीपीटी अभ्यासक्रम चार वर्षे आणि सहा महिने इंटर्नशिप असा आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिपचे वर्ष धरून एकूण पाच वर्षे आहेत. तुमची तुकडी कोणत्या नियमात बसते ते कॉलेजच्या कार्यालयातून नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब, शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यासकट, इंटर्नशिप संपण्याच्या तारखेवर उभा असतो.

पोस्टिंगमधून काय घ्यायचे

पहिल्या दोन वर्षांत हात घडवा. कुठला स्नायू कुठे लागतो, सांधा कुठे अडतो, सूज आणि चरबी यांत बोटांना फरक कसा कळतो, हे वर्गमित्रांच्या अंगावर रोज पंधरा मिनिटे केले तरी पुरे. क्लिनिकमध्ये पेशंटचा विश्वास बसतो तो तपासणाऱ्या हातावर.

तिसऱ्या वर्षापासून स्वतःची केस-वही ठेवा. नाव, पत्ता, फोटो काही नको. वय, व्यवसाय, तक्रार, पहिल्या दिवसाचे मोजमाप, केलेले उपचार, शेवटच्या दिवसाचे मोजमाप आणि पेशंट मध्येच बंद झाला असेल तर त्याचे कारण. मोजमाप मात्र खरे हवे. 'बराच आराम' ही नोंद काही सांगत नाही. वेदना शून्य ते दहात किती, गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने) गुडघा किती अंशांत वाकतो, ३० सेकंदांत हात न टेकवता खुर्चीतून किती वेळा उठता येते, खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, असे आकडे लिहा. या शेवटच्या चाचणीत वयस्कर माणसाला बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात, म्हणजे गुडघेदुखीसाठी आलेल्या आजींचा तोल सुधारणेही तुमच्या कामात येते. अशा शंभर केसेस नीट लिहिल्या की आपल्या हातून काय लवकर बरे होते आणि कशात आपण चाचपडतो हे स्वतःलाच दिसते. क्लिनिकचा भर कशावर ठेवायचा ते त्यावरून ठरवा.

उद्दिष्ट पेशंटच्या शब्दांत लिहायची सवय इथेच लावा. आपल्याकडे गुडघ्याचा पेशंट 'फ्लेक्शन (वाकणे) वाढवा' म्हणत येत नाही. त्याला मांडी घालून पूजेला बसायचे असते, शेतात उकिडवे बसून खुरपायचे असते, गावच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास असतो. यातले काय शक्य आहे, काय करू नये आणि कशाला पर्याय द्यायचा, हे पहिल्या भेटीतच बोलायचे. सांधा बदललेल्या माणसाला खाली बसण्याचे आश्वासन देऊन टाकले की पुढचे सगळे उपचार फसल्यासारखे वाटतात.

व्यायाम मराठीत सांगायचा सरावही लागतोच. 'स्टॅटिक क्वाड्स दहा वेळा तीन सेट' हे कागदावर लिहून दिले तर घरी कोणी करत नाही. 'पाय सरळ ठेवून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, मांडीचा पुढचा भाग कडक झाला का हाताने बघा, पाच आकडे म्हणेपर्यंत धरा, सोडा, श्वास रोखू नका' असे सांगितले आणि लगेच करून घेतले की ते लक्षात राहते. कॉलेजात असतानाच गुडघा, कंबर, मान, खांदा आणि लकवा यांसाठी असे वीस-पंचवीस व्यायाम स्वतःच्या शब्दांत, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि एका वेळी तीनच द्या. आठ व्यायामांचा कागद उशीखाली जातो.

धोक्याच्या खुणा मात्र पाठच हव्यात. कंबरदुखीबरोबर बसण्याच्या जागी बधिरपणा किंवा लघवी अडकणे. रात्री झोपू न देणारी वेदना, त्यासोबत ताप किंवा वजन घटणे. एका पोटरीला अचानक आलेली गरम सूज. व्यायाम करताना छातीत दुखणे. असा पेशंट टेबलावर घ्यायचा नाही, त्याच वेळी डॉक्टरकडे पाठवायचा. कोणाकडे पाठवायचे त्या नावांची यादीही पोस्टिंगमध्येच तयार होते. जो ऑर्थोपेडिक सर्जन तुमची नोंद वाचून प्रश्न विचारतो, त्याच्याशी इंटर्नशिप संपल्यावरही संबंध ठेवा.

हिशेब: सिटिंग मोजू नका, नवे पेशंट मोजा

इथे बहुतेकांचे गणित चुकते, म्हणून थोडे सावकाश बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या गावाचे टाकून बघा.

समजा, महिन्याला भाडे १५,००० रुपये, मदतनीस ९,०००, वीज ३,०००, जेल-टॉवेल-धुलाई-कागद २,०००, फोन आणि इंटरनेट १,०००, विमा आणि मशीन दुरुस्तीसाठी बाजूला २,०००, आणि तीन लाखांच्या कर्जाचा ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण ६,५००. एकूण ३८,५०० रुपये. सिटिंगला, म्हणजे उपचाराच्या एका भेटीला, ४०० रुपये आणि महिन्याला २५ दिवस काम धरले तर नुसता खर्च भागायला रोज चार सिटिंग लागतात. स्वतःला महिन्याला २५,००० घ्यायचे असतील तर ६३,५०० हवेत, म्हणजे महिन्याला सुमारे १६० सिटिंग, रोजची सहा ते सात.

दिवसाला सात सिटिंग सोपी वाटतात. पण एक पेशंट सरासरी किती वेळा येतो? सरासरी सात वेळा येत असेल तर १६० सिटिंगसाठी महिन्याला २३ नवे पेशंट लागतात, म्हणजे जवळजवळ रोज एक. पेशंट चौथ्या सिटिंगनंतर गळत असतील तर हाच आकडा चाळीसवर जातो. नव्या क्लिनिकला महिन्याला चाळीस नवे चेहरे कुठून येणार? म्हणून जाहिरातीवर खर्च करण्याआधी गळती का होते ते शोधावे लागते. ठरावीक कारणे अशी: पहिल्या दिवशी किती सिटिंग लागतील हे सांगितलेच नाही; चौथ्या दिवशी दुखणे अर्ध्यावर आले आणि पेशंटला वाटले झाले; रोज तीच मशीन, तोच वेळ, काही बदलत नाही; क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर; किंवा सोबत आणणाऱ्या मुलाची सुट्टी संपली. शेवटची दोन सोडली तर बाकी सगळी बोलण्याने सुटतात. पहिल्या भेटीत दहा मिनिटे जास्त द्या, अंदाजे किती भेटी लागतील ते सांगा, पाचव्या भेटीला मोजमाप पुन्हा करून आकडा पेशंटला दाखवा. बरा झाला असेल तर सात सांगितलेल्या भेटी पाचवर थांबवा. असा माणूस पुढे घरातल्या चौघांना पाठवतो.

आगाऊ पॅकेज घ्यायचे असेल तर उरलेल्या सिटिंगचे पैसे परत करण्याचा नियम पावतीवरच छापा. दहाचे पैसे भरून चारवर थांबलेला आणि परतावा न मिळालेला पेशंट गावभर बोलतो, आणि त्याचे बोलणे रास्तच असते.

क्लिनिक उघडताना यंत्रसामग्रीच्या पैशांशिवाय किमान सहा महिन्यांचा ठरलेला खर्च वेगळा हवा. वरच्या उदाहरणात तो २,३१,००० रुपये होतो. हा पैसा नसेल तर उघडायची घाई करू नका. तिसऱ्या महिन्यात भाडे थकते आणि माणूस गरज नसलेल्या पेशंटलाही 'अजून पाच सिटिंग लागतील' म्हणू लागतो. व्यवसायातली पहिली घसरण इथून सुरू होते.

शैक्षणिक कर्ज असेल तर आणखी एक गोष्ट आत्ताच बघा. बहुतेक बँकांत अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने हप्ते सुरू होतात. क्लिनिकचे पहिले वर्ष आणि हे हप्ते एकाच वेळी अंगावर येऊ नयेत, म्हणून मंजुरीपत्रातली तारीख आजच काढून हिशेबाच्या वर लिहा. क्रेडिट कार्डचा किंवा मोबाइलच्या हप्त्याचा चुकलेला भरणाही पुढे क्लिनिकच्या कर्जाच्या वेळी समोर येतो. मुद्रा योजनेत तारणाशिवाय शिशू गटात ५०,००० पर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत आणि तरुण गटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळते. बँक नोंदणी प्रमाणपत्र, मशीनची कोटेशन, जागेचा करार आणि प्रकल्प अहवाल मागते. वरचा हिशेब नीट मांडलेला असेल तर अहवालाचे अर्धे काम झालेले असते.

जागा

जागा शेवटच्या वर्षापासून बघायला लागा, घ्यायची मात्र नोंदणी झाल्यावर. मनात असलेल्या भागात तीन वेगवेगळ्या वेळी जा: कामाच्या दिवशी सकाळी दहाला, संध्याकाळी सातला आणि रविवारी. दोन किलोमीटरच्या आत ऑर्थोपेडिक आणि न्यूरो डॉक्टर किती, सांधेबदल शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये कुठली, आधीची फिजिओथेरपी क्लिनिक किती आणि त्यांच्या वेळा काय, ज्येष्ठ नागरिक कुठल्या बागेत फिरतात, रिक्षा दारापर्यंत येते का, हे वहीत उतरवा. आधीची क्लिनिक असणे वाईट नाही. सगळी संध्याकाळी पाचला उघडत असतील तर सकाळी सातची वेळ तुमच्यासाठी मोकळी आहे.

तालुक्याच्या गावात हिशेब वेगळा असतो. पेशंट आठवडी बाजाराच्या दिवशी येतो. त्याला रोज बोलावले तर एसटीचे भाडे तुमच्या फीपेक्षा जास्त होते. तिथे आठवड्याला एक-दोन भेटी, घरचा पक्का व्यायाम आणि मधल्या काळात फोन अशी आखणी करावी लागते. पेरणी-काढणीच्या दिवसांत गर्दी ओसरते, तेही वर्षाच्या हिशेबात आधीच धरा.

सुरुवातीला ३०० ते ४०० चौरस फूट पुरतात. तळमजला किंवा चांगली लिफ्ट ही अट मात्र सोडू नका. टेप घेऊन जा आणि मोजा. दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी, नाहीतर व्हीलचेअर आत घेताना बोटे खरचटतात. दारात पायरी असेल तर उतार एकास बारा लागतो: सहा इंच उंचीच्या पायरीला सहा फूट लांब उतार. तेवढी जागा समोर आहे का? उपचाराचा टेबल साडेसहा फूट लांब आणि सव्वादोन ते अडीच फूट रुंद धरा. किमान दोन बाजूंना तीन-तीन फूट मोकळे हवेत, नाहीतर खांद्याचे काम करताना तुम्ही भिंतीला चिकटता. सरळ आठ-दहा फुटांची मोकळी पट्टी चालण्याच्या सरावासाठी राखा. स्वच्छतागृह आतच हवे आणि त्याचे दार बाहेर उघडणारे हवे. आत पडलेल्या माणसाला आत ढकलायच्या दारातून काढता येत नाही. पडद्यांनी केलेले कप्पे स्वस्त पडतात, पण एकाची तक्रार दुसऱ्याला ऐकू जाते. निदान एक खोली दार बंद होणारी ठेवा, विशेषतः ओटीपोटाच्या तक्रारींसाठी येणाऱ्या बायकांसाठी.

वीजजोडणीत अर्थिंग आधी तपासून घ्या. शॉर्टवेव्ह डायथर्मी (रेडिओलहरींनी खोलवर शेक देणारे मशीन) घेणार असाल तर ते आयएफटी आणि टेन्स (वेदना कमी करणारे विजेचे छोटे मशीन) यांच्यापासून निदान तीन मीटर दूर बसवावे लागते, नाहीतर त्याच्या लहरींनी बाजूच्या मशीनचा करंट अचानक उसळतो. त्याखाली लोखंडी टेबल चालत नाही, लाकडी लागतो. आणि पेसमेकर असलेल्या माणसाला त्या खोलीच्या आसपासही बसवायचे नाही. छोट्या जागेत हे सगळे जमत नाही. शॉर्टवेव्हशिवाय उत्तम क्लिनिक चालते, त्यामुळे पहिल्या वर्षी ते घेऊच नये.

रहिवासी इमारतीतली सदनिका घेत असाल तर सोसायटीची लेखी संमती आणि पालिकेचा वापराचा नियम आधी बघा. वीज आणि मालमत्ता कराचा दरही व्यावसायिक लागू शकतो. भाडेकरार अकरा महिन्यांचा करायची सवय घरापुरती ठीक आहे. क्लिनिकला तीन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, वार्षिक वाढ आकड्यात लिहा आणि मालकालाही काही काळ करार मोडता येणार नाही अशी अट घाला. पेशंटना पत्ता पाठ झाला की जागा सोडायला लागणे नव्या क्लिनिकला फार महागात पडते. महाराष्ट्रात या कराराची नोंदणी सक्तीची आहे, मुद्रांक शुल्क भाडे आणि डिपॉझिट धरून पाव टक्क्याच्या हिशेबाने लागते.

मशीन

पहिल्या दिवशी लागते ते एवढे: दोन चांगले टेबल, त्यातला एक उंची बदलणारा, गोनिओमीटर, टेप, हॅमर, रक्तदाब यंत्र, ऑक्सिमीटर, वेगवेगळ्या ताणाचे बँड, अर्धा ते तीन किलोचे वेट कफ, दोन मापांचे बॉल, एक पायरी, भिंतीला धरायचा बार, उभा आरसा, आयएफटी आणि टेन्स एकत्र असलेले एक मशीन, एक अल्ट्रासाऊंड, आणि गरम-गार शेकाची सोय.

पुढचे प्रत्येक मशीन घेण्याआधी एक भागाकार करा. समजा, ६०,००० चे मशीन पाच वर्षे चालेल. रोज तीन पेशंटवर वापरले तर ४,५०० सिटिंग होतात, एका सिटिंगला तेरा-चौदा रुपये पडतात. आठवड्याला तीनदाच वापरले तर हाच खर्च सत्त्याहत्तर रुपयांवर जातो. मग माणसाला मशीन वसूल करण्यासाठी पेशंट शोधावासा वाटतो, आणि ते चुकीचे आहे. विक्रेत्याला किंमत विचाराल तसेच बिघडल्यावर माणूस किती दिवसांत येतो, बदली मशीन मिळते का आणि दरवर्षी कॅलिब्रेशन (मशीन दाखवते तेवढेच देते का याची तपासणी) कोण करते हेही विचारा. जुने मशीन घेताना अल्ट्रासाऊंडच्या हेडवर पाण्याचा थेंब टाकून तो थरथरतो का बघतात. त्यातून एवढेच कळते की काहीतरी बाहेर पडते आहे, किती ते कळत नाही. कॅलिब्रेशनचा कागद मागाच. सोनोग्राफीने स्नायू बघण्याचा विचार असेल तर ते यंत्र गर्भलिंग निदानविरोधी कायद्याच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही.

सगळ्यात जास्त काळजी लागते ती सगळ्यात साध्या वस्तूची, गरम शेकाच्या पॅकची. टाकीतले पाणी सत्तर ते पंचाहत्तर अंश सेल्सियसच्या आसपास असते. पॅक आणि त्वचा यांच्यामध्ये टॉवेलचे सहा ते आठ थर लागतात, शेक पंधरा-वीस मिनिटांचा. चटका बसतो तो ठरलेल्या वाटेने: संध्याकाळची गर्दी, मदतनीस चारच थर लावतो, पेशंट पॅकवर पाठ टेकून झोपतो, त्याच्या वजनाने थर दबतात आणि ओलसर होतात. पेशंटला जुना मधुमेह असतो, पायाला आणि पाठीला नीट जाणवतच नाही, म्हणून तो काही बोलत नाही. तासाभराने फोड दिसतो आणि तो भरायला महिना लागतो. म्हणून शेकाआधी गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्यांनी त्याच जागेची संवेदना तपासायची, पॅक अंगाखाली न ठेवता अंगावर ठेवायचा, पाच मिनिटांनी टॉवेल उचलून त्वचा बघायची आणि पेशंटच्या हातात घंटा द्यायची. हे चार टप्पे टाकीच्या वर भिंतीवर लिहून लावा. संवेदना तपासल्याची नोंद केस शीटवर एका शब्दात का होईना, रोज करा.

कागदपत्रे

इंटर्नशिप संपल्याचे प्रमाणपत्र मिळाले की पहिला अर्ज महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यानंतर संबंधित आरोग्य व्यवसायांच्या परिषदांची रचना बदलते आहे, त्यामुळे अर्जाच्या वेळी परिषदेच्या संकेतस्थळावरची ताजी यादी बघूनच कागद जमवा. गुणपत्रकांवरचे, आधारवरचे आणि पॅनवरचे नाव एकसारखे आहे का हे मात्र दुसऱ्या वर्षीच तपासा. वडिलांच्या नावातला एक काना वेगळा असला तरी महिना जातो.

वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यायची असते, काम सुरू केल्यापासून साठ दिवसांत. व्यवसाय कराची स्वतःची नोंद वेगळी, वर्षाला २,५०० रुपये. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंद) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही; पण क्लिनिकमधून बेल्ट आणि नी-कॅप विकायला लागलात की तो मालाचा व्यवहार होतो, त्याबद्दल सीएला विचारा. ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुया टोचण्याचा उपचार) करणार असाल तर वापरलेल्या सुया साध्या कचऱ्यात जाता कामा नयेत: सुया टोचणार नाहीत असा पांढरा डबा, परिसरातल्या सामाईक जैववैद्यकीय कचरा केंद्राशी करार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. पेशंटला रात्री ठेवणार नसाल तर नर्सिंग होमची नोंदणी लागत नाही. गोव्यात क्लिनिक काढणाऱ्यांनी तिथला दवाखाने-नोंदणीचा स्वतंत्र कायदा बघावा.

पाटी मराठीत हवी. २०२२ च्या दुरुस्तीपासून लहान आस्थापनांनाही हे लागू आहे आणि मराठी अक्षरे दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. नावाआधी 'डॉ.' लावण्यावरून सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने आधी हरकतीचे पत्र काढले आणि लगेच मागे घेतले. वाद काहीही असो, पाटीवर आणि पावतीवर 'फिजिओथेरपिस्ट' हा शब्द आणि नोंदणी क्रमांक ठळक ठेवा. आपण काय आहोत याबद्दल पेशंटचा गैरसमज राहता कामा नये. पैसे घेऊन दिलेली आरोग्यसेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते, म्हणून व्यावसायिक जबाबदारीचा विमा पहिल्या पेशंटच्या आधी घ्या आणि केस शीट किमान तीन वर्षे सांभाळा.

डॉक्टरांशी संबंध आणि कट

पेशंट पाठवण्याबद्दल टक्केवारी मागितली जाईल, कदाचित पहिल्याच महिन्यात. देऊ नका. नीतीचा प्रश्न तर आहेच, पण हिशेबातही ते बसत नाही: ४०० मधले १२० गेले की तुमची रोजची सात सिटिंग दहावर जातात, आणि ती भरून काढायला फी वाढते किंवा दिवस वाढतात. दोन्हीचा भार पेशंटवर. त्याऐवजी पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला अर्ध्या पानाचे पत्र पाठवा: पहिले मोजमाप, काय केले, आजचे मोजमाप, काय राहिले. असे पत्र फार थोड्या क्लिनिकमधून जाते. त्याचा नमुना इंटर्नशिपमध्येच तयार करून शिक्षकांकडून तपासून घ्या.

नोंदणी ते क्लिनिक यांमधले वर्ष

इंटर्नशिप संपताच गाळा घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. निदान एक वर्ष गर्दीच्या ओपीडीत नोकरी करा आणि नोकरीच्या अटी परवानगी देत असतील तर संध्याकाळी घरी जाऊन उपचार सुरू करा. नियुक्तिपत्र सही करण्याआधी वाचा. नोकरी सोडल्यावर ठरावीक अंतरात क्लिनिक काढायचे नाही अशी अट काही ठिकाणी असते. होम व्हिजिटला पाठीवरची एक पिशवी पुरते: रक्तदाब यंत्र, ऑक्सिमीटर, गोनिओमीटर, हॅमर, छोटे टेन्स, बँड, दोन वेट कफ, जेल, स्वच्छ चादर. फी ठरवताना प्रवासाचा वेळ धरा. ४५ मिनिटांचे सिटिंग येण्याजाण्यासकट दीड तास खाते, म्हणून एका संध्याकाळी एकाच भागातली घरे घ्या. पहिल्या भेटीला घरातले दुसरे माणूस हजर असावे अशी अट फोनवरच सांगा आणि घरच्यांना लोकेशन पाठवून ठेवा. ही अट मुलींनी तर पाळावीच, मुलांनीही पाळावी.

मित्राबरोबर भागीदारीत काढणार असाल तर दोस्तीच्या भरवशावर राहू नका. कोण किती पैसे घालणार, कोणाचे किती तास, एकाच्या लग्नानंतर किंवा एमपीटीला (पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) गेल्यावर काय, मशीन कोणाची, फोन नंबर आणि गूगलवरची नोंद कोणाच्या नावे, वेगळे होताना पेशंटना काय सांगायचे, हे सगळे भागीदारी करारात लिहा. फोन नंबरचे कलम बहुतेकजण विसरतात, आणि भांडण झालेच तर तिथेच होते: पेशंट त्याच एका नंबरवर फोन करत राहतात.